दोन क्ले कोर्टं, एक देणगी आणि सान मारिनोचा दाखला

सिंधुदुर्गात, समुद्रापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, एका छोट्या शहरातल्या क्रीडा मंडळाकडे टेनिसची दोन क्ले, म्हणजे मातीची, कोर्टं आहेत. भोवती जांभ्याचा गडगा, एका अंगाला सुरूची झाडं, कोपऱ्यात विहीर. देणगीदाराच्या इच्छेवरून मंडळाचं आणि शहराचं नाव इथे देत नाही. हे देणगीदार मुळातले गावचेच, आता मुंबईत स्थिरावलेले. त्यांनी चांगली रक्कम देऊ केली आणि अट एकच घातली: पैसा कोर्टांवरच लागला पाहिजे आणि पोरांच्या उपयोगी पडला पाहिजे.

यावरून कार्यकारिणीत दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं, माती उकरून टाका आणि सिमेंटवर ॲक्रिलिकचं हार्ड कोर्ट करा. पावसाळ्याचे चार महिने कोर्ट बंद, पुढे दिवाळीपर्यंत दुरुस्ती, मग हाती उरतं काय? दुसऱ्या गटाचं म्हणणं, माती राखा आणि त्याच पैशातून व्यावसायिक स्पर्धा भरवा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, म्हणजे आयटीएफची, सगळ्यात खालच्या पायरीची एम १५ स्पर्धा. क्ले कोर्टवरची स्पर्धा कोकणात झाली तर बाहेरचे खेळाडू येतील, हॉटेलं भरतील, पोरांना जवळून खेळ बघायला मिळेल. दोन्ही बाजू तपासून टिपण करायचं काम माझ्याकडे आलं. त्या टिपणाचा हा विस्तार.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोर्ट राखणं आणि स्पर्धा भरवणं या दोन गोष्टींची मंडळाने गाठ मारून ठेवली होती. ती सोडवली की बरंचसं उत्तर हाती येतं. खालच्या पायरीवरच्या स्पर्धा येतात, बंद पडतात, पुन्हा सुरू होतात. माती एकदा गेली की तिच्याबरोबर ती राखणारे हातही जातात, आणि ते परत मिळत नाहीत.

सान मारिनोचं काय झालं

स्पर्धेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सान मारिनोचं उदाहरण दिलं होतं, म्हणून मी त्याचाच मागोवा घेतला. देश म्हणायचा, पण आकार जेमतेम ६१ चौरस किलोमीटर आणि वस्ती चौतीस हजारांच्या आसपास. आपल्या हिशेबाने सावंतवाडी आणि वेंगुर्ला ही दोन शहरं एकत्र केली की झालं. चारी बाजूंनी इटली, आणि डोंगरावरून खाली पाहिलं की रिमिनीचा समुद्रकिनारा. उन्हाळ्यात तिथे पर्यटकांची झुंबड असते आणि तिथली टेनिस स्पर्धाही ऑगस्टच्या सुमाराला, क्ले कोर्टवर.

१९८९ ते २००० या काळात ही स्पर्धा पुरुषांच्या मुख्य सर्किटवर होती. एवढ्याशा जागेत बडे खेळाडू येत. १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षं अर्जेंटिनाचा गिलेर्मो पेरेझ रोल्दान जिंकला. १९९३ मध्ये ऑस्ट्रियाचा थॉमस मुस्टर जिंकला आणि १९९५ मध्ये पुन्हा तोच. १९९५ चं महत्त्व वेगळं सांगायला हवं. त्या वर्षी मुस्टरने एकूण १२ विजेतेपदं मिळवली, त्यांतली ११ मातीवरची, आणि त्यांत फ्रेंच ओपनही होती. जूनमध्ये पॅरिस जिंकलेला माणूस त्याच उन्हाळ्यात या एवढ्याशा डोंगरी देशात येऊन खेळला आणि जिंकला. पुढे १९९६ मध्ये आल्बर्ट कोस्टा, १९९७ मध्ये फेलिक्स मान्तिया, १९९८ मध्ये डॉमिनिक हर्बाटी. मातीवरच्या टेनिसची ज्याला आवड आहे त्याला या नावांची ओळख करून द्यावी लागत नाही.

२००१ पासून स्पर्धा एक पायरी खाली आली आणि चॅलेंजर झाली. चॅलेंजर म्हणजे मुख्य टूरच्या खालचा थर. क्रमवारीत शंभराच्या आसपास आणि त्याखाली असलेले खेळाडू तिथे वर चढायला धडपडतात, किंवा वरून घसरलेले सावरायला येतात. मुख्य टूरची झळाळी गेली म्हणून गावाने कोर्टं मोडली नाहीत. चॅलेंजर म्हणून ती २०१३ पर्यंत चालली. त्या वर्षी इटलीचा मार्को चेक्किनातो जिंकला. तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. पाच वर्षांनी, २०१८ च्या फ्रेंच ओपनमध्ये, त्याने उपांत्यपूर्व फेरीत जोकोविचला हरवलं.

२०१३ नंतर स्पर्धा थांबली. २०१४ पासून २०२० पर्यंत सात उन्हाळे कोरडे गेले. २०२१ मध्ये ती चॅलेंजर म्हणूनच परत आली आणि डेन्मार्कचा होल्गर रूने जिंकला. अठरा वर्षांचा पोरगा. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने पॅरिसच्या मास्टर्स, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या, स्पर्धेत अंतिम सामन्यात जोकोविचला हरवलं.

कार्यकारिणीसमोर हे वाचलं तेव्हा सगळ्यांना चेक्किनातो आणि रूने ही नावं आवडली. मला मात्र त्या सात वर्षांवर बोट ठेवायचं होतं. स्पर्धा नव्हती तरी कोर्टं होती. तिथे कोणीतरी पाणी मारत असणार, माती सारखी करायला जाळी ओढत असणार, रेषेच्या पट्ट्या ठोकत असणार. म्हणून स्पर्धा परत यायची वेळ आली तेव्हा तिला उतरायला जागा होती. स्पर्धा नाही म्हणून मधल्या काळात तिथे पार्किंग झालं असतं, तर २०२१ मध्ये परत यायला काय होतं?

असा उतार आपल्याकडेही पाहायला मिळाला. चेन्नईची एटीपी २५०, म्हणजे पुरुषांच्या मुख्य टूरवरची सगळ्यात खालच्या पायरीची, स्पर्धा २०१८ मध्ये पुण्यात आली, बालेवाडीत २०२३ पर्यंत झाली आणि मग गेली. २०२४ मध्ये त्याच बालेवाडीत चॅलेंजर झाली. ती मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशेरोने जिंकली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात क्रमवारीत दोनशेच्या बाहेर असताना पात्रता फेरीतून येऊन त्याने शांघायची मास्टर्स स्पर्धा जिंकली. बालेवाडीची कोर्टं हार्ड आहेत, मातीची नाहीत, पण मुद्दा तोच. पायरी बदलली, जागा शाबूत राहिली.

एम १५ चा हिशेब

आता आमच्या मंडळासमोरच्या स्पर्धेकडे येतो. या थराची घडी सारखी बदलत आली आहे. आधी चार आठवड्यांची सॅटेलाइट सर्किटं असत. १९९८ पासून एकेका आठवड्याच्या फ्युचर्स स्पर्धा आल्या आणि सॅटेलाइट हळूहळू संपली. २०१९ च्या सुरुवातीला १५ हजार डॉलरच्या स्पर्धांमधले एटीपी क्रमवारीचे गुण काढून घेतले, आणि त्यावर एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते परत द्यावे लागले. म्हणजे आज ज्या नियमाने आपण स्पर्धा मागणार, तोच नियम तीन वर्षांनी असेल याची हमी नाही.

बक्षिसाची एकूण रक्कम १५ हजार डॉलर, आपले साधारण तेरा लाख रुपये. एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर, असा वाटा बरीच वर्षं चालत आला. १५६ डॉलर म्हणजे तेराचौदा हजार रुपये. गोव्याच्या विमानतळावर उतरून टॅक्सीने सिंधुदुर्गात यायचं, आठवडाभर राहायचं, जेवायचं, रॅकेटला तार ओढून घ्यायची आणि मंगळवारी हरून परत जायचं. त्या खेळाडूच्या पदरी काय पडतं ते वेगळं सांगायला नको. विजेत्याला जागतिक क्रमवारीचे १५ गुण मिळतात, ग्रँड स्लॅमच्या विजेत्याला २०००.

आयटीएफनेच या थराचा मोठा अभ्यास केला होता. २०१३ च्या आकड्यांवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की प्रशिक्षकाचा खर्च धरला नाही तरी पुरुष खेळाडूला खर्चाची तोंडमिळवणी करायला जगात ३३६ व्या क्रमांकाच्या आसपास तरी असावं लागतं, आणि महिलांना २५३ च्या. आपला सुमित नागल क्ले कोर्टवरच मोठा झालेला खेळाडू. २०२३ मध्ये रोम आणि टाम्पेरे, २०२४ मध्ये हाइलब्रॉन, या मातीवरच्या चॅलेंजर त्याने जिंकल्या. याच नागलने २०२३ च्या सप्टेंबरात, भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना, खात्यात ९०० युरो उरल्याचं उघड सांगितलं होतं. स्पर्धा भरवणाऱ्याने हे विसरू नये. आपल्या गावात येणारी पोरं कर्ज काढून येतात. त्यांना चांगलं कोर्ट, स्वच्छ खोली आणि वेळेवर सामना एवढं देणं ही आपली जबाबदारी आहे, आणि ते जमणार नसेल तर स्पर्धा मागू नये.

मग जमेल का? मुख्य फेरीत एकेरीचे ३२ खेळाडू म्हणजे ३१ सामने, दुहेरीच्या १६ जोड्या म्हणजे १५ सामने. पात्रता फेरी वेगळी. एकेरीची पहिली फेरी १६ सामन्यांची, दुहेरीची ८ सामन्यांची. ही २४ लढतींची रास दोन दिवसांत संपवायची तर रोज १२. आमच्याकडे कोर्टं दोन, म्हणजे एकेका कोर्टवर दिवसाला ६ सामने. मातीवर चेंडू मंद येतो, रॅली लांबते, दोन तासांचा सामना ही नेहमीची गोष्ट. बारा तास झाले. जानेवारीत कोकणात उजेड असतो साधारण अकरा तास, त्यात मध्येमध्ये पाणी मारायला आणि जाळी ओढायला वेळ हवा. सरावाला कोर्ट उरतच नाही. चारपेक्षा कमी कोर्टांवर हा विषय काढू नये, हे मी टिपणात ठळक लिहिलं. एकदा ही आकडेमोड फळ्यावर मांडली आणि स्पर्धावाल्यांचा आवाज त्या दिवशीपुरता तरी खाली आला.

माती

हार्ड कोर्टच्या बाजूने सगळ्यात जड मुद्दा आमच्या प्रशिक्षक मॅडमनी मांडला. "आमची पोरं कोल्हापूर-पुण्याला जातात ती सिमेंटवर खेळायला. तिथे चेंडू इतका लवकर अंगावर येतो की पाय लागायच्या आत निघून गेलेला असतो." हे खरं आहे. भारतात बहुतेक मानांकन स्पर्धा हार्ड कोर्टवर होतात, आणि एक हार्ड कोर्ट जवळपास हवंच. पण बारा वर्षांखालच्या पोराला पॉइंट बांधायला, घसरून चेंडू गाठायला आणि धीर धरायला माती शिकवते. हे त्याच मॅडम मला चहावर कबूल करून गेल्या.

दुसरा मुद्दा पावसाचा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सान मारिनोच्या बाजूला वर्षभरात जेवढा पडत असेल तेवढा इथे एकट्या जुलैत कोसळतो. उघडं मातीचं कोर्ट त्यात टिकत नाही. वरचा थर वाहून गडग्याच्या कडेला साचतो, खालचा मुरूम उघडा पडतो, खांबांची पट्टी खाऱ्या हवेने गंजते. पाऊस संपला की कोर्ट नव्याने उठवावं लागतं. पण हे काम कोकणी माणसाला नवीन आहे का? दरवर्षी पावसाळ्यानंतर घरापुढचं खळं खणून, पाणी शिंपून, चोपून, सारवून तयार करतात. कोर्ट उठवणं म्हणजे तेच खळं मोठ्या मापाने आणि पाणसळ लावून घालणं. आमची कोर्टं सांभाळणाऱ्या तात्यांना ही विद्या कोणी टेनिसवाल्याने शिकवलेली नाही, ती घरातलीच. त्यांनी बैठकीत एकच वाक्य सांगितलं: "ह्या कोर्टाक मे महिन्यातच झाकूक व्हया, जून उजाडल्यार उपेग नाय." पूर्वी माडाच्या झापांनी कोर्ट झाकत असत. झापं विणणारे कमी झाले तशी ती पद्धत सुटली आणि त्यानंतर दर वर्षी थर वाहून जायला लागला. नुकसान मातीमुळे होत होतं असं सगळे समजत होते. ते होत होतं ते झाकणं सुटल्यामुळे.

खरी अडचण वरच्या थराची. आपली तांबडी माती दिसायला क्ले कोर्टसारखीच, पण ती कच्ची माती. पाणी लागलं की चिखल, वाळली की भेगा, वारा आला की डोळ्यांत धूळ. युरोपातल्या लाल कोर्टावर वर जे असतं ती मुळी कच्ची माती नसतेच. ती भाजलेल्या विटा-कौलांची भुकटी असते. फ्रेंच ओपन जिथे होते त्या रोलाँ गॅरोसला हा थर एकदोन मिलिमीटरचाच असतो आणि त्याखाली चुनखडीची चुरी, त्याखाली कोळशाची खंगर, खाली दगड. एकदा भट्टीत भाजलेली माती पुन्हा भिजून चिखल होत नाही, सगळी मेख तिथे आहे. १८८० च्या आसपास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, कान या गावी, रेनशॉ बंधू या इंग्रज टेनिसपटूंनी उन्हाने करपणाऱ्या हिरवळीवर जवळच्या व्हालोरीसच्या कुंभारवाड्यातल्या फुटक्या मडक्यांची भुकटी पसरली आणि तिथून लाल कोर्टांची सुरुवात झाली, अशी हकिकत सांगतात.

फुटकं भाजकं सामान आपल्याकडे कमी आहे का? १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर सगळा किनारा मंगलोरी कौलांनी शाकारला गेला. आता घरोघर स्लॅब पडतोय, पत्रे येतायत, आणि मागच्या परड्यात उतरवलेल्या कौलांच्या उतरंडी शेवाळ धरून पडून आहेत. कोणी फुकट नेली तर मालक उलट चहा पाजतो.

माप काढून पाहिलं. मागची आणि बाजूची मोकळी जागा धरून एक कोर्ट साधारण ३६.५७ मीटर लांब आणि १८.२९ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ६६९ चौरस मीटर. दोन मिलिमीटर थराला सव्वा ते दीड घनमीटर भुकटी, वजनात पावणेदोन टनांच्या आसपास. एक कौल अडीच-तीन किलोचं धरलं तर सहाशे-सातशे कौलं. मध्यम घराच्या छपरावर याहून जास्त असतात.

प्रयोग एका कोर्टच्या अर्ध्या भागावर केला. सगळीच कौलं चालत नाहीत हे पहिल्याच दिवशी कळलं. हाताने घडवलेले जुने नळे मंद आचेवर भाजलेले असतात. तुकडा रात्रभर बादलीत ठेवला तर सकाळी त्याची कड नखाने खरवडता येते आणि पाणी गढूळ होतं. कारखान्यातलं मंगलोरी कौल तसंच खणखणीत राहतं. मग तात्यांनी नियमच केला: आधी बादली, मग यंत्र. शेवाळ घासून कौलं उन्हात वाळवली, घणाने तुकडे केले, बंद पडलेल्या एका कांडप यंत्रातून काढले आणि जाड्या रव्याएवढं दाणं पडेल अशा चाळणीतून चाळले. पीठ झालेला भागही फेकला नाही, कारण दाण्यांना धरून ठेवायला तो थोडा लागतोच. आधी तळाचा मुरूम ओला करून रोलर फिरवला, मग फावड्याने नव्हे तर सुपाने भुकटी पाखडत पसरली, पाणी मारलं, पुन्हा रोलर, पुन्हा भुकटी. चौथ्या दिवशी मॅडमनी सर्व्हिस केली तेव्हा चेंडूची खूण स्वच्छ उठली, लांबट, एका बाजूला शेपटी असलेली. दुसऱ्या अर्ध्या भागावर, जुन्या मातीत, त्याच चेंडूने नुसता धुरळा उडवला होता.

पाण्याचं गणित मात्र सुटायचं आहे. दुपारच्या वाऱ्याने कोर्ट लवकर सुकतं आणि दिवसातून दोनतीनदा पाणी मारावं लागतं. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि उपसा वाढला की आणखी मचूळ.

काय ठरलं

माती राहिली. देणगीचा मोठा भाग पावसाचं पाणी साठवणाऱ्या टाकीला आणि कोर्टाभोवतीच्या चरांना दिला. दोन्ही कोर्टांवर कौलांच्या भुकटीचा थर, फक्कीच्या ऐवजी ठोकायच्या पट्ट्या, आणि मे अखेरीस झाकायला जाड ताडपत्री, तिच्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून जमतील तेवढी झापं. झापं विणण्यासाठी शेजारच्या वाडीतल्या दोन बायकांना दरवर्षीचं काम दिलं आहे. तात्यांच्या हाताखाली एक तरुण मुलगा पगारावर घेतला. माझ्या मते सगळ्या ठरावातली सगळ्यात मोलाची ओळ ती, आणि तिच्यावरच सगळ्यात कमी चर्चा झाली. तिसऱ्या कोर्टासाठी विहिरीपलीकडची जागा सपाट करायची आहे. ते कोर्ट हार्ड असावं हा मॅडमचा आग्रह मंडळाने मान्य केला, आणि मला तो रास्त वाटतो. तीन वर्षं मातीवर खेळलेल्या पोराला कोल्हापूरला जाण्याआधी महिनाभर तरी तो वेग सोसायला मिळाला पाहिजे.

एम १५ चा अर्ज केलेला नाही. मातीची चार कोर्टं होईपर्यंत करायचा नाही, असं लिहून ठेवलं आहे. त्याऐवजी राज्य संघटनेमार्फत बारा आणि चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची अखिल भारतीय टॅलेंट सिरीज ही स्पर्धा मागायची, तीही जानेवारीतच, कारण तेव्हा विहीर गोड असते आणि कोर्ट दोन महिने खेळून बसलेलं असतं. देणगीदारांनी यावर फोनवर एकच विचारलं, बाहेरगावहून येणाऱ्या पोरांची आणि त्यांच्या आईवडिलांची राहायची सोय काय? शाळेचा हॉल आणि चार घरगुती खानावळी बोलून ठेवल्या आहेत. खोल्यांचा हिशेब दसऱ्यानंतरच्या बैठकीत व्हायचा आहे.